८१ अब्ज की ३५ कोटी? परकीय गुंतवणुकीच्या दोन बातम्या आणि वाळूजची एक शेड

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवतात. त्यांनी दोन बातम्या वाचल्या. एकीत होते की २०२४-२५ मध्ये भारतात ८१ अब्ज डॉलरची परकीय गुंतवणूक आली, आदल्या वर्षीपेक्षा १४ टक्के जास्त, आणि महाराष्ट्र देशात पहिला. दुसरीत होते की त्याच वर्षी थेट परकीय गुंतवणूक (एफडीआय) ९६ टक्क्यांनी कोसळली. यातले खरे कोणते, आणि त्या भरवशावर शेड वाढवून दोन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन घ्यावीत का? शेवटी जाता जाता त्यांनी लिहिले आहे की एका जर्मन कंपनीने २० टक्के हिस्सा घेण्याबद्दल विचारले आहे, त्यात काही गुंता असतो का?

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. त्या एकाच हिशेबाच्या वरच्या आणि खालच्या ओळीवरून लिहिल्या गेल्या आहेत, इतकेच. पण तुमचा खरा प्रश्न हा नाही. तुमच्या भागात, तुमच्या धंद्यात पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणी कारखाना उभारणार आहे का, हे तुम्हाला हवे आहे. त्याचे उत्तर या दोन्ही ओळींत नाही. आधी हिशेब मोकळा करू, मग तिकडे वळू.

रिझर्व्ह बँकेने मे २०२५ मध्ये दिलेली वजाबाकी अशी आहे. वर्षभरात आत आले सुमारे ८१ अब्ज डॉलर. पूर्वी आलेल्यांनी हिस्सा विकून किंवा भांडवल काढून परत नेले ५१.५ अब्ज. भारतीय कंपन्यांनी परदेशात गुंतवले सुमारे २९.२ अब्ज. शिल्लक राहिली ०.३५ अब्ज, म्हणजे ३५ कोटी डॉलर. आदल्या वर्षी ७१.३ मधून ४४.५ आणि १६.७ वजा जाऊन १०.१ अब्ज उरले होते. १०.१ वरून ०.३५, म्हणून ९६ टक्के घट. हे प्राथमिक आकडे आहेत आणि पुढे सुधारले जातात, त्यामुळे दशांश चिन्हापुढच्या अंकावरून भांडू नये. शिवाय शिल्लक हा मोठ्या आकड्यांमधला फरक असतो, तो शून्याच्या जवळ गेला की त्याची टक्केवारी काढण्यात फारसा अर्थ उरत नाही. पुढच्या वर्षी शिल्लक साडेतीन अब्ज झाली तर ‘दसपट वाढ’ अशी बातमी येईल, आणि तीही तितकीच खरी नि तितकीच निरुपयोगी असेल.

कल बघायचा तर एका वर्षावर थांबू नका, पाच वर्षे शेजारी मांडा. २०२०-२१ मध्ये आले ८२.० अब्ज, परत गेले २७.०. २०२१-२२ मध्ये आले ८४.८, गेले २८.६. २०२२-२३ मध्ये ७१.४ आणि २९.३. पुढच्या दोन वर्षांचे आकडे वर आलेच आहेत. आवक पाच वर्षे ७१ ते ८५ च्या दरम्यान फिरते आहे. कोसळलीही नाही, झेपावलीही नाही. पण याच काळात अर्थव्यवस्था डॉलरमध्ये बरीच मोठी झाली, म्हणून जीडीपीच्या तुलनेत ही आवक सुमारे तीन टक्क्यांवरून दोन टक्क्यांच्या आसपास आली. मला विचाराल तर चिंतेची खरी बाब ही आहे, आणि मथळ्यात ती क्वचितच येते. उलट परत जाणारा पैसा चार वर्षांत जवळजवळ दुप्पट झाला आणि मथळा तिथून निघाला.

परत का गेला? इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात बसतात. पहिली खासगी इक्विटी फंडांची, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करून कंपन्यांत हिस्सा घेणाऱ्या आणि पुढे तो विकणाऱ्या फंडांची. या फंडांचे आयुष्य साधारण सात-दहा वर्षांचे असते. २०१५ ते २०२१ या काळात ज्यांनी पैसा घातला, त्यांना तो काढून आपल्या गुंतवणूकदारांना परत द्यायचाच होता. २०२३ नंतर इथला शेअर बाजार चढा होता, म्युच्युअल फंडांत दर महिन्याला एसआयपीचे हजारो कोटी येत होते (ऑक्टोबर २०२४ मध्ये हा आकडा २५,००० कोटींच्या पुढे गेला), म्हणजे हिस्सा विकायला गिऱ्हाईक हजर होते. त्याच सुमारास अमेरिकेत व्याजदर सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर होते, म्हणून पैसा घरी नेऊन ठेवणेही परवडत होते.

दुसरी गोष्ट परदेशी मूळ कंपन्यांची. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचा २७,८७० कोटी रुपयांचा आयपीओ आला. तो संपूर्ण ‘ऑफर फॉर सेल’ होता, म्हणजे कंपनीने नवे शेअर काढले नाहीत, कोरियातल्या मूळ कंपनीने आपल्याकडचे जुने विकले. पैसा कारखान्याच्या खात्यात गेला नाही, तो विकणाऱ्याकडे गेला. वर्षभराने एलजी इलेक्ट्रॉनिक्स इंडियाचा ११,६०७ कोटींचा आयपीओही याच धाटणीचा होता. तुमच्या एसआयपीचा हप्ता जिथे जातो तिथून हा डॉलर बाहेर पडतो, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

‘पैसा परत नेता येतो हे बाजार परिपक्व झाल्याचे लक्षण आहे’ हा युक्तिवाद तुम्ही वाचला असेल. फंडांच्या बाबतीत मला तो पटतो. ज्याला बाहेर पडता येत नाही तो आत येत नाही. मूळ कंपन्यांच्या बाबतीत अर्धाच पटतो, कारण तिथे विकलेला हिस्सा पुन्हा फिरून येईलच असे नाही. एक मात्र लक्षात ठेवा, लाभांश आणि रॉयल्टी या ५१.५ अब्जांत धरलेली नाही. ती देशाच्या परकीय व्यवहारांच्या ‘चालू खात्यात’ वेगळी मोजली जाते. ‘कंपन्या नफा नेतात म्हणून एफडीआय घटली’ ही चर्चा त्यामुळे मुळातच चुकीच्या रकान्यावर चालू असते.

आता त्या ८१ अब्जांच्या पोटात काय आहे ते पाहू, कारण हा सगळाच ताजा पैसा नाही. त्यात मुख्यतः तीन घटक असतात. समभाग भांडवल, पुनर्गुंतवलेला नफा आणि मूळ-उपकंपन्यांमधली कर्जे वगैरे ‘इतर भांडवल’. २०२४-२५ मध्ये समभागांची आवक सुमारे ५० अब्ज होती. पुनर्गुंतवलेला नफा म्हणजे इथल्या परदेशी कंपनीने मिळवलेला पण लाभांश म्हणून न वाटलेला नफा. त्यात बँकेतून डॉलर येत नाही, हिशेबात तो एका बाजूला गेला आणि दुसऱ्या बाजूने आला असे दाखवतात. ताज्या वर्षासाठी तर हा आकडा आधीच्या दोन वर्षांच्या सरासरीवरून अंदाजलेला असतो. म्हणून नव्या गुंतवणुकीचा अंदाज घ्यायचा असेल तर डीपीआयआयटीच्या (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या) तिमाही पत्रकातला समभागांचा आकडा पाहा, एकूण आकडा नको.

समभागांच्या आकड्यातही एखादा मोठा सौदा वर्षच फिरवून टाकतो. २०२०-२१ हे वर्ष जिओ प्लॅटफॉर्म्सचे होते. फेसबुकने ९.९९ टक्क्यांसाठी ४३,५७४ कोटी दिले, गुगलने ७.७३ टक्क्यांसाठी ३३,७३७ कोटी, आणि सगळे गुंतवणूकदार मिळून दीड लाख कोटींच्या वर. ते वर्ष आधाराला धरून कोणी ‘घसरण’ दाखवली की सावध व्हा. याच्या उलट टोकाला २०१८ चा वॉलमार्ट-फ्लिपकार्ट सौदा आहे. १६ अब्ज डॉलर ऐकायला प्रचंड, पण त्यातले नवे भांडवल २ अब्जांचे होते. बाकी रक्कम जुन्या भागधारकांना मिळाली आणि शेअर होते सिंगापुरात नोंदलेल्या कंपनीचे. असा पैसा इथल्या कारखान्याच्या, गोदामाच्या वाट्याला येत नाही. म्हणून एका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी आणि त्यातून एक-दोन महाकाय सौदे बाजूला, ही रीत कामात बरी पडते.

देशांची यादी मी झटपट ओलांडतो. सिंगापूर पहिला, सुमारे ३० टक्के. मॉरिशस दुसरा, १७ टक्के. अमेरिका तिसरी, ११ टक्के. सिंगापूरच्या लोकांनी भारतात इतका पैसा ओतला असे यातून समजू नका, पैसा शेवटच्या कोणत्या दारातून आला तेवढेच कळते. मॉरिशसचा पूर्वीचा दबदबा भारताशी असलेल्या कर-करारातल्या भांडवली नफ्याच्या सवलतीवर उभा होता. २०१६ मध्ये करार बदलला, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर ती सवलत राहिली नाही, आणि २०१८-१९ पासून सिंगापूर वर आहे. जर्मन किंवा जपानी कंपनीचा पैसाही सिंगापूरच्या रकान्यात दिसू शकतो.

महाराष्ट्राच्या पहिल्या क्रमांकाकडे येऊ. २०२४-२५ मध्ये राज्याच्या नावावर १९.६ अब्ज डॉलर लागले, १,६४,८७५ कोटी रुपये, देशाच्या समभाग आवकेच्या ३९ टक्के. कर्नाटक दुसरे, १३ टक्क्यांवर. हा आकडा खोटा नाही, पण तो कारखान्यांचा नकाशा नव्हे. राज्यवार नोंद कंपनीने दिलेल्या पत्त्यावरून होते आणि मुख्य कार्यालय जिथे, तिथे रक्कम जाण्याची शक्यता मोठी असते. मुंबईत बँका, विमा कंपन्या, वित्तसंस्था यांची कार्यालये आहेत आणि सेवाक्षेत्र हेच देशात आवकेत पहिले आहे, १९ टक्के. म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका वित्तकंपनीत आलेले भांडवल महाराष्ट्राच्या नावावर चढते, मग ती कंपनी कर्जे बिहारमध्ये का वाटेना.

तुमच्या बाबतीत याची उलटी बाजू जास्त महत्त्वाची आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने छत्रपती संभाजीनगरमध्ये सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. ही कंपनी नोंदलेली आहे कर्नाटकात, बिडदीला. उद्या जपानहून भांडवल आले तरी राज्यवार तक्त्यात ते कर्नाटकाकडे लागू शकते. ह्युंदाईचे तसेच, तळेगावचा कारखाना तिचा, नोंदणी तमिळनाडूची. तेव्हा वाळूज-बिडकीनच्या उद्योजकाने राज्याच्या क्रमांकावरून आनंद किंवा दुःख करू नये. त्यापेक्षा देशपातळीवरचा उत्पादन क्षेत्राचा आकडा बरा. तो २०२४-२५ मध्ये १९.०४ अब्ज होता, आदल्या वर्षी १६.१२. वाढ १८ टक्क्यांची, आणि तुमच्या धंद्याशी नाते सांगणारी.

सामंजस्य करार आणि गुंतवणूक यांतले अंतर किती असते, यासाठी तळेगावसारखे उदाहरण नाही. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्री थांबवली, निर्यातीसाठीचे उत्पादन २०२० च्या डिसेंबरात संपले. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने कारखाना घ्यायचा करार केला, जूनमध्ये राज्याशी सामंजस्य करारही झाला. मधल्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, केंद्राने ‘प्रेस नोट ३’ काढली आणि भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी बंधनकारक केली. मंजुरी आली नाही, २०२२ च्या मध्यावर सौदा मोडला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने मालमत्ता खरेदीचा करार केला. राज्याच्या मंचावर २०२० मध्ये मोजलेली गुंतवणूक कधी आलीच नाही, आणि २०२३ मध्ये प्रत्यक्ष झालेला व्यवहार दोन भारतीय नोंदणीच्या कंपन्यांमधला होता, ज्यातून एफडीआयच्या आवकेत काही वाढले पाहिजे असे नव्हते. तरीही तळेगाव-चाकणच्या पुरवठादारांसाठी हीच घटना महत्त्वाची होती. आकडा एक सांगतो, शेडमधले काम दुसरे.

वेदांता-फॉक्सकॉनचे तर सगळ्यांना आठवत असेल. तळेगावची जागा चर्चेत होती, सप्टेंबर २०२२ मध्ये १.५४ लाख कोटींचा करार गुजरातशी झाला, राज्यात गदारोळ उठला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत जाहीर होणारे आकडेही असेच चाळून घ्यावे लागतात. जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राने १५.७० लाख कोटींचे करार जाहीर केले. त्यात सर्वांत मोठी नावे रिलायन्स आणि जेएसडब्ल्यू यांची, दोन्हींचे मिळून सहा लाख कोटींच्या घरात. गुंतवणूक म्हणून ते चांगलेच आहे, पण स्वित्झर्लंडमध्ये सही झाली म्हणून ती परकीय होत नाही.

मग तुम्ही काय पाहायचे? करारानंतरचे कागद. एमआयडीसी किंवा ऑरिककडून (शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी) भूखंडाचे वाटपपत्र निघाले का आणि कंपनीने त्याची रक्कम भरली का, हा पहिला खरा टप्पा. मग लागू असेल तर पर्यावरण मंजुरी, तिचे अर्ज केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर दिसतात आणि त्यात उत्पादनक्षमता, पाणी, वीज यांचे आकडे असतात. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती. पैसा ओतला जातो आहे का हे पाहायला कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर किरकोळ शुल्क भरून त्या कंपनीची पीएएस-३ विवरणे उघडा. नवे शेअर कोणाला, किती, कोणत्या भावाने दिले ते त्यात असते. भूखंडाचे पैसे भरलेले आणि स्थापनेची संमती घेतलेली कंपनी सहसा मागे फिरत नाही, निव्वळ करार केलेली कधीही फिरू शकते.

सुट्या भागांच्या धंद्यात याहून जवळचा इशारा म्हणजे चौकशीपत्र, आपण आरएफक्यू म्हणतो ते. वाहन कंपनी थेट तुमच्याकडे येण्याची शक्यता कमी. तिच्याबरोबर येणारे किंवा आधीपासून इथे असलेले पहिल्या फळीचे पुरवठादार येतील आणि तुम्ही त्यांच्यामागच्या फळीत असाल. नॉमिनेशन लेटर, म्हणजे या भागासाठी तुमची निवड झाल्याचे पत्र, हाती आल्यापासून नियमित उत्पादन सुरू होईपर्यंत साधारण दीड ते अडीच वर्षे जातात. नमुने, पीपीएपी (भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची प्रक्रिया), टूलिंगमधल्या म्हणजे साचे-हत्यारांमधल्या दुरुस्त्या सगळे त्यात आले. म्हणजे बातमी वाचून आज मशीन घेतले तर दोन वर्षे त्याचे हप्ते दुसऱ्या कामातून भरावे लागतील. आणखी एक मेख आहे. त्या पत्रातली वार्षिक नगसंख्या बहुतेक वेळा ‘अंदाजे’ असते, हमी नसते. टूलिंगचा खर्च कोण देणार, एकरकमी की नगामागे वसूल होणार, आणि नग कमी उचलले तर उरलेले कोण भरणार, हे लेखी घ्या. मशीनचा निर्णय यावर अवलंबून आहे, ८१ अब्जांवर किंवा ३५ कोटींवर नाही. सध्याच्या ग्राहकांच्या कामातच मशीन तीन पाळ्यांत भरत असेल तर वेगळी गोष्ट, मग थांबायचे कारण नाही. मधल्या काळात खर्चच करायचा तर तो आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता प्रमाणपत्रावर आणि तपासणीच्या साधनांवर आधी करा, कारण त्यांच्यावाचून चौकशीपत्रच येत नाही.

राहिला जर्मन कंपनीचा हिस्सा. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत परदेशी हिस्सा १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती पोर्टफोलिओ गुंतवणूक (नुसती शेअरमधली, ‘थेट’ नव्हे) ठरते, पण तुमची खासगी मर्यादित कंपनी आहे, म्हणून एक टक्का घेतला तरी ती थेट परकीय गुंतवणूकच. सुटे भाग बनवण्याच्या धंद्यात १०० टक्क्यांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. मात्र त्या जर्मन कंपनीचे अंतिम मालक कोण आहेत हे आधी विचारा. वरच्या साखळीत चिनी मालकी निघाली तर तळेगावला आडवा आलेला नियम तुम्हालाही आडवा येऊ शकतो, आणि या नियमात बदल होत असतात, म्हणून सहीच्या दिवशी लागू असलेले पत्रक पाहा.

क्रम असा ठेवा. आधी सनदी लेखापालाकडून किंवा मर्चंट बँकरकडून मूल्यांकन, कारण नवे शेअर त्या भावापेक्षा खाली देता येत नाहीत. पैसे बँकेमार्फतच यावेत आणि पाठवणाऱ्याचे नाव करारातल्या गुंतवणूकदाराचेच असावे. बहीण कंपनीच्या खात्यातून रक्कम आली की केवायसीत महिना जातो, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप झाले पाहिजे, नाही तर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत करावी लागते. वाटपापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची माहिती देणारा अर्ज, भरायचा, उशीर झाला तर विलंब शुल्क. त्यांनी ‘हवे तेव्हा शेअरमध्ये बदलता येईल’ असे रोखे सुचवले तर थांबा. सक्तीने शेअरमध्ये बदलणारे रोखेच भांडवल धरले जातात, ऐच्छिक बदलाचे रोखे परकीय कर्जाच्या नियमांत जातात. आणि त्यानंतर दर वर्षी १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेकडे एफएलए विवरण, म्हणजे परकीय देणी आणि मालमत्तेचा तक्ता. त्या वर्षी एक पैसाही नवा आला नसला तरी ते भरावे लागते. पहिल्या वर्षी सगळे भरतात, दुसऱ्या वर्षी विसरतात.